पाळण्यातले नाव

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिन्यात आमच्या शाळेची सहल महामार्गालगतच्या एका मोठ्या करमणूक-उद्यानाला गेली होती. सातवीचा वर्ग, चाळीस मुले, आम्ही दोघी शिक्षिका, एक शिपाई, आणि घरोघरच्या डब्यांतल्या पोळ्या, चटण्या व लाडू, असा एकंदर सरंजाम होता. दुपारच्या सुमारास आम्ही एका उंच खेळण्याच्या रांगेत उभे होतो. लोखंडी रुळांवरून एक छोटी गाडी टकटक करीत वर चढे, शेंड्यावर क्षणभर थबके, आणि मग आतल्या किंकाळ्यांसकट खाली झेपावे. मुले आतुर झाली होती. त्यांच्यात एक मुलगा होता. वर्गात अबोल, पण आमच्या गावच्या जत्रेत आकाशपाळणा ऐन माथ्यावर असताना दोन्ही हात सोडून बसणारा, असा त्याचा लौकिक. तो माझ्याकडे वळला आणि खेळण्यावरच्या भल्यामोठ्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, वर काय लिहिलंय हो?"

मी भाषा शिकवते. अर्थ विचारला की सांगून टाकायचा, ही वीस वर्षांची सवय. पाटीवरच्या तीन इंग्रजी शब्दांचा मी जागच्या जागी चोख मराठी अर्थ सांगितला. त्यात एक शाप होता, एक सैतान होता, आणि शेवटी मरण होते. तो ऐकून रांगेतली अकरा मुले मुकाट्याने बाहेर पडली आणि झाडाखाली जाऊन बसली. पहिला बाहेर पडला तो हाच.

खेळणे तेच होते. रूळ तेच, पट्टे तेच, गाडी ढकलणारी माणसे तीच. नावही तेच होते. ते फक्त कळले होते, एवढाच फरक. ज्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचला नाही ती मुले जाऊन आली आणि "काही नाही हो बाई, नुसता गार वारा लागतो," असे सांगू लागली. परतीच्या गाडीत वर्गाने त्या मुलाचे बारसे उरकले. पाटी ऐकून पळाला, म्हणून 'पाटी'. मी रागावले, पण टोपणनाव रागावण्याने पुसले जात नाही, उलट पक्के होते. शिवाय रागावण्याचा अधिकार मला कितपत होता, हाही प्रश्नच. अर्थ सांगणारी मीच होते.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे. आपल्याकडे कादंबरीवर टीका होते, नाटकावर होते, चित्रपटावर तर उदंड होते. पण करमणुकीच्या उद्यानाचे नाव आणि आतल्या पाट्या यांना वाङ्मय समजून कोणी त्यांची परीक्षा केल्याचे माझ्या वाचनात नाही. वस्तुतः या वाङ्मयाला वाचकांची वाण नाही. माझ्या एका कादंबरीची हजार प्रतींची आवृत्ती संपायला सहा वर्षे लागली. तेवढे वाचक अशा पाटीला एका रविवारच्या सकाळी मिळतात. नावाची परीक्षा करायला तिकीट लागत नाही, ही आणखी एक सोय. पुढे ज्या परदेशी उद्यानांचा उल्लेख येईल, त्यांतले एकही मी पाहिलेले नाही. त्यांची नावे मात्र वाचली आहेत; आणि नावे ही वाचण्यासाठीच असतात.

नाव काय करू शकते, याचे ठळक उदाहरण फ्लॉरिडात आहे. तेथील डिस्नेच्या उद्यानात १९७५ साली 'स्पेस माउंटन', म्हणजे अंतराळाचा पर्वत, या नावाचे खेळणे सुरू झाले. बंद घुमटातल्या काळोखात, ताऱ्यांसारख्या ठिपक्यांमधून गाडी धावते. आत बसलेल्याला आपण अवकाशात भिरकावले गेलो असे वाटते. या गाडीचा जास्तीत जास्त वेग किती असावा? ताशी सुमारे ४५ किलोमीटर! एवढ्या वेगाने आमची एस. टी. रोज तालुक्याला जाते आणि आतले प्रवासी डुलक्या घेत असतात. काळोखाचा यात मोठा वाटा आहे, हे कबूल. परंतु नुसत्या काळोखात माणूस तळघरात शिरल्यासारखा चाचपडेल. नक्षत्रांत शिरल्यासारखा हरखणार नाही. काळोखाचे अंतराळ करते ते नाव. म्हणून मला वाटते, नाव हा त्या गाडीचा पहिला डबा आहे. रांगेत उभे असतानाच आपण त्यात जाऊन बसलेलो असतो.

या नावांचा इतिहास पाहू लागले की पहिली खूण आढळते ती दूरच्या ओढीची. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, १५ ऑगस्ट १८४३ रोजी 'तिवोली' ही प्रसिद्ध बाग उघडली आणि ती आजही चालू आहे. तिवोली हे रोमजवळच्या एका गावाचे नाव. ते आधी पॅरिसच्या एका बागेने उचलले आणि पॅरिसवरून ते कोपनहेगनला आले. म्हणजे पॅरिसच्या माणसाला रोमची ओढ, आणि कोपनहेगनच्या माणसाला पॅरिसची! लंडनच्या 'व्हॉक्सहॉल' बागेची कथा याहून नवलाची. त्या बागेचे नाव रशियात गेले. तेथे पाव्हलोव्स्क गावी आगगाडीच्या टोकाला गाण्याबजावण्याचे एक सभागृह होते, त्याला ते मिळाले. आणि पाहता पाहता 'वोक्झाल' हा रशियन भाषेत रेल्वे स्टेशनसाठीचाच शब्द झाला. लंडनची मूळ बाग १८५९ साली बंद पडली. पण लाखो रशियन प्रवासी आजही गाडी पकडण्यासाठी तिच्याच नावात शिरतात. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०३ साली उघडलेल्या 'लूना पार्क'चेही तसेच. १९४४ च्या आगीने ते उद्यान संपवले. पण इटलीत आणि तुर्कस्तानात करमणुकीच्या कोणत्याही उद्यानाला आज लूनापार्कच म्हणतात.

मौजेची गोष्ट पुढेच आहे. उंचावरून कोसळणाऱ्या ज्या गाडीपाशी आमची मुले अडली, तिला इंग्रजीत रोलर कोस्टर म्हणतात. तिचा उगम रशियातल्या हिवाळ्यात, लाकडी सांगाड्यावर बर्फ गोठवून केलेल्या घसरगुंड्यांत झाला. म्हणून फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन लोक तिला 'रशियन पर्वत' म्हणतात. आणि खुद्द रशियन लोक काय म्हणतात? 'अमेरिकन टेकड्या'! स्वतःच्या अंगणात जन्मलेली वस्तू त्यांनी परदेशी ठरवून टाकली. मला यात एक शहाणपण दिसते. भीती परगावची असली की गोड लागते. आपल्या गल्लीतली भीती ही चोराची, कर्जाची किंवा आजाराची असते. तिच्यासाठी कोणी तिकीट काढीत नाही.

दूरची ओढ पुरेनाशी झाली तेव्हा मालकांनी मोठेपणाचा आश्रय घेतला. पूर्वी 'बाग' होती. मग 'पार्क' आले. १९५५ साली कॅलिफोर्नियात 'डिस्नेलँड' उघडले, म्हणजे भूमी आली. १९७१ साली फ्लॉरिडात 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' उघडले आणि भूमीचे जग झाले. आपल्या मुंबईजवळ गोराईला १९८९ साली 'एस्सेलवर्ल्ड' आणि १९९८ साली शेजारीच 'वॉटर किंगडम' आले. म्हणजे जग झाले आणि राज्यही झाले. मे २०२५ मध्ये फ्लॉरिडातच 'एपिक युनिव्हर्स' नावाचे उद्यान उघडले, म्हणजे आता विश्वही संपले. पुढचा मालक काय नाव ठेवणार, याची मला खरोखरच काळजी वाटते. ब्रह्मांडाच्या पलीकडे आपल्या शास्त्रांत एक मोक्षच उरतो, आणि तेथे खाण्याचे ठेले नसतात.

येथवर सारे गमतीचे झाले. पण डिस्नेच्या शब्दांकडे आपण जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण तेथे नाव ही केवळ पाटी राहत नाही. ती सगळ्या उद्यानाची बोली होते. त्या उद्यानात गिऱ्हाईक नसते, 'पाहुणा' असतो. गणवेश नसतो, 'वेशभूषा' असते. जिथे लोक हिंडतात ती जागा म्हणजे 'रंगमंच', आणि जिथे नोकर डबा खातात ती 'रंगपटाची बाजू'. नोकर हा शब्द तर वापरायचाच नाही. झाडू मारणाऱ्यापासून तिकीट तपासणाऱ्यापर्यंत प्रत्येकजण 'नटसंचातील कलाकार'. लेखिका म्हणून मी या योजनेला दाद देते. एवढ्या मोठ्या प्रदेशावर एकच रूपक, कुठेही न फाटू देता, पसरून ठेवणे हे कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा असे काम आहे. आणि त्याचा परिणामही होतो. पाहुणा म्हटल्यावर माणूस पाहुण्यासारखा वागू लागतो. कागद खाली टाकताना त्याचा हात अडखळतो.

पण मराठी कानाला या बोलीतली खोच लगेच कळावी. आपल्याकडे पाहुण्याला दारात पायांवर पाणी देतात. त्याच्याकडून दारातच पैसे घेत नाहीत. आणि कलाकाराचे काय? नटाला राजाची भूमिका मिळाली म्हणून त्याच्या घरी राज्य येत नाही. त्याचप्रमाणे झाडूवाल्याला कलाकार म्हटल्याने झाडू हलका होत नाही. उलट एक ओझे वाढते. झाडूवाल्याला दमल्याचा चेहरा करण्याची मुभा असते. रंगमंचावरच्या नटाला ती नसते. सप्टेंबर २०२० मध्ये, महासाथीच्या काळात, डिस्ने कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या उद्यान विभागातील सुमारे २८,००० जणांना कमी करीत असल्याचे जाहीर केले. नाटक थांबले की भूमिका संपते, हे नाटकापुरते ठीक आहे. पण त्या माणसांचे घरभाडे काही नाटकातले नव्हते. गोड नाव ठेवणाऱ्याने हे विसरता कामा नये. आणि गोड नाव ऐकणाऱ्याने तर मुळीच नये.

त्या उद्यानाचे ब्रीद आहे, पृथ्वीवरील सर्वांत आनंदी ठिकाण. मात्र १७ जुलै १९५५ चा त्याचा उद्घाटनाचा दिवस कसा गेला? खोट्या तिकिटांनी गर्दी उसळली. कडक ऊन पडले. नळ बसवणाऱ्या कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे पुष्कळसे नळ कोरडे राहिले. नुकतेच ओतलेले डांबर मऊ पडून स्त्रियांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. त्या दिवसाला कंपनीच्या आतल्या माणसांनीच पुढे 'काळा रविवार' असे नाव दिले. पाहा, एकाच जागेची ही दोन नावे. एक दारावर लावण्यासाठी, दुसरे घरात कुजबुजण्यासाठी. आपल्याकडे मुलाला पाळण्यातले एक नाव असते आणि हाक मारायचे दुसरे असते, तसाच हा प्रकार. पाळण्यातले नाव ठेवताना आईबाप मूल कसे व्हावे ते सांगतात. हाकेचे नाव ठेवताना घर ते मूल कसे आहे ते सांगते. उद्यानांचेही हेच आहे. मालकाचे नाव आश्वासन देते, आणि लोकांचे टोपणनाव त्या आश्वासनाचा हिशेब मागते.

कधी कधी पाळण्यातलेच नाव चुकते. डिस्नेचे फ्रान्समधले उद्यान १२ एप्रिल १९९२ रोजी 'युरो डिस्ने' या नावाने उघडले. ते उघडण्यापूर्वीच आर्यान म्नूश्किन या नामवंत नाट्यदिग्दर्शिकेने त्याला 'सांस्कृतिक चेर्नोबिल' म्हटले होते. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. हे दोन शब्द किती खोल गेले असतील याची कल्पना करावी. सर्व बातमीदारांनी ते उचलले आणि अजूनही त्या उद्यानाची कथा त्यांच्यावाचून सांगितली जात नाही. मालकांचे स्वतःचे नावही लोकांना भिडेना. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मायकेल आयस्नर यांनी पुढे या चुकीची कबुली देताना सांगितले, त्याचा सारांश असा: अमेरिकन कानाला 'युरो' हा शब्द झगमगीत वाटला होता, युरोपच्या कानाला मात्र त्यातून व्यापार आणि चलन ऐकू येत होते. स्वप्ननगरीच्या दारावर पतपेढीचे नाव लावावे तसे ते झाले. १९९४ साली नाव बदलून 'डिस्नेलँड पॅरिस' करण्यात आले.

नाव बदलले आणि दैव उघडले, असे लिहायला मला आवडले असते. पण टीकाकाराने कथाकाराच्या मोहाला आवर घातला पाहिजे. त्याच सुमारास त्या कंपनीच्या कर्जाची नव्याने तडजोड झाली. १९९५ साली तिकिटाचे दर सुमारे पाचव्या हिश्शाने उतरले आणि एक मोठे नवे खेळणेही आले. त्याच वर्षी उद्यानाला पहिला नफा झाला. यातले किती नावाचे आणि किती स्वस्ताईचे, हे वेगळे काढता येणार नाही. नाव माणसाला दारापर्यंत आणते. आत गेल्यावर पाणी, सावली आणि रास्त भाव यांचेच राज्य असते.

आता लोकांच्या टोपणनावांकडे वळू. फ्लॉरिडातच १९८२ साली 'एप्कॉट' नावाचे उद्यान उघडले. उद्याच्या वस्तीचा प्रायोगिक नमुना, अशा अर्थाच्या पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे ते नाव. वॉल्ट डिस्ने यांना तेथे खरेच एक नगर वसवायचे होते. १९६६ साली ते वारले, आणि नगराऐवजी उद्यान झाले. लोकांनी मग त्याच पाच अक्षरांतून नवे वाक्य काढले: प्रत्येकजण दमून बाहेर येतो! दिवसभर मुलांना खांद्यावर घेऊन हिंडलेल्या कुठल्यातरी बापाला ते सुचले असावे. हा विनोद निरुपद्रवी आहे आणि खराही आहे.

पण सगळीच टोपणनावे अशी निरुपद्रवी नसतात. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात १९७८ ते १९९६ या काळात 'ॲक्शन पार्क' नावाचे एक उद्यान होते. तेथल्या घसरगुंड्या आणि पाण्याचे खेळ इतके धोक्याचे होते की लोकांनी त्या नावाचे यमक जुळवून त्याला 'ट्रॅक्शन पार्क' म्हणायला सुरुवात केली. मोडलेले हाड ताणून बांधतात ते ट्रॅक्शन. कोणी 'ॲक्सिडेंट पार्क' म्हणे. कोणी, दाव्यांची रांग लागली म्हणून, 'क्लास ॲक्शन पार्क' म्हणे, म्हणजे सामुदायिक खटल्यांचे उद्यान. २०२० साली त्यावर निघालेल्या माहितीपटाला याच टोपणनावाचे शीर्षक दिले गेले. त्या उद्यानात किमान सहा माणसे मरण पावली.

मला येथे थांबावेसे वाटते. लोकांनी खरे ते ओळखले होते. अधिकारी, विमेवाले आणि मालक यांच्याआधी पोरासोरांच्या जिभेने निवाडा दिला होता. मग त्या निवाड्याचा उपयोग का झाला नाही? माझ्या मते कारण एकच: तो हसत हसत दिला गेला. हसल्याने सत्य उच्चारता येते, पण त्याचे वजनही त्याच क्षणी कमी होते. 'हाडमोड्या बाग' म्हटल्यावर ती खरोखरच हाडे मोडते हे कोणाच्या मनाला लागत नाही. उलट तेथे जाऊन आलो हे सांगण्यात पोरांना फुशारकी वाटू लागते. इशारा होता तोच जाहिरात झाला. टोपणनावाची ही दुसरी धार मला आमच्या वर्गामुळे अगोदरच ठाऊक झाली होती. 'पाटी' म्हणताना चाळीस मुले हसत. त्या हसण्यात आपण कोणाला काय करतो आहोत, हे एकाच्याही लक्षात येत नव्हते.

आपल्याकडची नावे कशी आहेत? येथे मला अभिमानाने बोलता येईल. मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाला लोक अजून 'राणीचा बाग' म्हणतात. १८६२ साली उघडलेल्या त्या बागेचे पहिले नाव व्हिक्टोरिया गार्डन, म्हणून राणीचा. व्हिक्टोरिया राणी गेली, इंग्रज गेले, पाटी बदलली, हाक राहिली. आमच्या शाळेतल्या एका मुलीला मी विचारले, "राणी कोणती गं?" ती म्हणाली, "वाघाची असेल." मला तिचे उत्तर पटले. रिकामी झालेली राणीची खुर्ची तिने आपल्या पसंतीने भरली. याच्या उलट प्रकार अमेरिकेत 'सिक्स फ्लॅग्ज' या उद्यानाचा. टेक्ससवर निरनिराळ्या काळी फडकलेल्या सहा सत्तांच्या निशाणांवरून १९६१ साली ते नाव पडले. २०१७ साली त्या निशाणांवरून वाद नको म्हणून सहाही ठिकाणी अमेरिकेचाच ध्वज लावण्यात आला. नाव सहाचे, निशाण एक! नावे अर्थाहून दीर्घायुषी असतात.

मलबार हिलवर फिरोजशहा मेहता उद्यान आहे. त्याला सारे जग 'हँगिंग गार्डन' म्हणते. मी लहानपणी वडिलांबरोबर प्रथम तेथे गेले, तेव्हा बाग कुठे टांगली आहे ते शोधत राहिले. ती पाण्याच्या टाकीवर बांधलेली आहे, टांगलेली नाही, हे कळल्यावर मी रडले होते. फुलांकडे माझे लक्षच गेले नाही. नाव डोळ्यांपुढे असले की समोरची फुलेही दिसत नाहीत. मग वडिलांनी रस्ता ओलांडून समोरच्या कमला नेहरू पार्कात नेले. तेथे बुटाच्या आकाराचे दुमजली घर आहे. एका इंग्रजी बालगीतातली, ढीगभर पोरांना घेऊन बुटात राहणारी गांजलेली बाई हे त्याचे मूळ. मराठी माणसाने त्या घराला 'म्हातारीचा बूट' म्हटले आणि त्या नावाने सगळ्या उद्यानालाच ओळखू लागला. त्या मराठी नावात गांजणूक उरली नाही. आमची म्हातारी ही भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी, वाघाला चकवणारी. तिचा बूट असेल तर तो ऐटीचाच असणार! मी त्या बुटाच्या खिडकीतून हात हलवला आणि खाली उभे असलेले वडील हसले. हँगिंग गार्डनने दिलेले दुःख तेथे फिटले.

पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली मुलांसाठी छोटी आगगाडी सुरू झाली. तिचे नाव 'फुलराणी'. बालकवींच्या कवितेने मराठी घराघरांत पोचवलेला हा शब्द. पुढे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली गाडी 'वनराणी' झाली. या नावांत कोणतीही बढाई नाही, दूरदेशीचा आव नाही, मरणाची धमकी नाही. लोखंडाच्या वस्तूला फुलाचे नाव दिले, आणि मूल त्या लोखंडाला भ्यायचे थांबले.

आणि सर्वांत शेवटी आपला पाळणा. शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे फिरते चक्र उभारले. इंग्रजीत ते त्याच्याच नावाने चालते. जर्मन लोक त्याला राक्षसी चक्र म्हणतात, फ्रेंच मोठे चाक म्हणतात. कोणी कारागिराला मान दिला, कोणी आकाराला. आपल्याकडे जुना शब्द 'रहाटपाळणा'. विहिरीवरचा रहाट ज्याने पाहिला त्या शेतकऱ्याने ठेवलेला. आणि चालू शब्द 'आकाशपाळणा'. या शब्दात चाक नाहीच. त्यात आहे एक आई, एक दोरी आणि झोका. वर जाताना पोटात गोळा येतो. पण नाव सांगते, अरे, हा पाळणाच आहे, यात तू पूर्वीही निजला होतास. भीती पुसून न टाकता तिला धीर देणारे याहून चांगले नाव मला कोणत्याही भाषेत आढळलेले नाही. आणि ते कोणत्याही मालकाने ठेवलेले नाही, जाहिरातदाराने नाही. जत्रेने ठेवले आहे.

माझी कसोटी यातून तयार झाली, ती सांगते. चांगले नाव अर्धेच काम करते आणि उरलेले अर्धे आपल्यावर सोपवते. 'म्हातारीचा बूट' म्हटले की म्हातारी कोण, हे मुलाने ठरवायचे. वाईट नाव सगळेच स्वतः करू पाहते. तूच घाबर, तूच हरखून जा, हे जग आहे, हे विश्व आहे, असे ते बजावत राहते. मुलाला काही सुचण्याआधीच सगळे सुचवून मोकळे होते. दिवाळीच्या सुटीत आपल्यापैकी पुष्कळजण मुलांना घेऊन अशा उद्यानांत जातील. जरूर जावे. दारातली पाटी मुलांबरोबर वाचावी. पण अर्थ सांगण्याची माझ्यासारखी घाई करू नये. आधी विचारावे, "तुला हे कसं दिसतं? तू याचं काय नाव ठेवशील?" आणि परतताना जे टोपणनाव माणसाला चिकटेल, त्याकडेही जरा कान द्यावा.

गेल्या चैत्रात आमच्या गावची जत्रा भरली. आकाशपाळण्यावर यंदा नवा फ्लेक्स होता. त्यावर कवटी आणि इंग्रजी अक्षरे. गावाने ती वाचलीही नाही. रांगेतल्या बाया आपल्या "पाळण्यात बसायचं" एवढेच म्हणत होत्या. मी वर पाहिले. ऐन माथ्यावरच्या खुर्चीत तो मुलगा बसला होता, दोन्ही हात सोडून. आता तो मिसरूड फुटायच्या वयात आला आहे. मला इतके बरे वाटले, की मी खालून त्याला नावाने हाक मारली. आईबापांनी बारशाला ठेवलेल्या नावाने, हजेरीपटावरच्या नावाने. त्याने पाहिले नाही. मी पुन्हा हाक मारली. तेवढ्यात माझ्या शेजारी उभा असलेला त्याचा धाकटा भाऊ दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "ए पाट्या!"

त्याने लगेच खाली वाकून पाहिले आणि हसून हात हलवला. मीही हात हलवला. पाळणा खाली येऊ लागला.